माझी गोळी कशी ठरली

एआरटी केंद्राबाहेरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथल्या, बाकड्यावर बसलेल्या बायका आणखी काही करोत न करोत, एकमेकींच्या डब्या मात्र बघतातच. २००७ साली मीही बघायचे. शेजारणीची गोळी माझ्यापेक्षा वेगळी दिसली की पोटात कालवायचं. तिला भारीतली दिली, मला हलकी. तिची आत कुणाशी ओळख असणार. नाहीतर ती शहरातली, मी सांगली जिल्ह्यातल्या खेड्यातली, म्हणून असेल. पुढं त्याच केंद्रावर केअर कोऑर्डिनेटर म्हणून काम करायला लागले, तेव्हा नव्यानं नाव नोंदवणाऱ्यांच्या तोंडून तेच ऐकलं आणि अजूनही ऐकते. त्यांना सांगते तेच इथं लिहितेय. गोळी ओळखीवर ठरत नाही. टेबलापलीकडचा डॉक्टर काय विचारतो आणि आपण त्याला काय सांगतो, यावर बरंचसं ठरतं.

माझ्या आधी आमच्या घरात गोळ्या आल्या त्या मिस्टरांसाठी. ते टेम्पो चालवायचे. २००३ च्या सुमाराला एका खासगी डॉक्टरनं त्यांना दोन औषधं लिहून दिली. दोनच. तिसरं महाग पडेल म्हणून नंतर बघू, असं ठरलं. ज्या महिन्यात टेम्पोला भाडं मिळायचं त्या महिन्यात गोळ्या यायच्या, नाही मिळालं तर नाही. तेव्हा आम्हाला एवढंच कळायचं की औषध चालू आहे. तीन औषधं एकाच वेळी का घ्यायची, हे मला पुढं समुपदेशक ताईंनी सांगितलं. हा विषाणू आपल्या नकला काढताना सारखा चुकतो, आणि त्या चुकांतूनच औषधाला दाद न देणारी जात तयार होते. एकट्यादुकट्या औषधाला तो लवकर चुकवतो. तिन्हींना एका वेळी चुकवणं त्याला फार अवघड जातं. मध्ये मध्ये औषध तुटलं तर त्याला हवी ती संधीच मिळते. मिस्टर गेले त्याच्या आधीच, १ एप्रिल २००४ ला, सरकारनं मोफत एआरटी सुरू केली होती. सुरुवातीला देशात आठच ठिकाणी, त्यातलं एक मुंबईचं जे. जे. रुग्णालय. आमच्या गावापर्यंत ती बातमी आली नाही. आली असती तरी मुंबईला दर महिन्याला कोण नेणार होतं, हा प्रश्न होताच.

माझी तपासणी झाली ती ते गेल्यानंतर. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात, तीन वेगवेगळ्या किटवर रक्त तपासतात, तिन्ही जुळले की मगच पॉझिटिव्ह म्हणतात. मुलगा निगेटिव्ह निघाला. त्या दिवशी मला बाकी काही ऐकूच आलं नाही. रिपोर्टवर ‘एचआयव्ही-१’ असं लिहिलेलं होतं. तो आकडा मला अगदीच बिनमहत्त्वाचा वाटला होता, पण औषध निवडण्याची पहिली पायरी तीच. आपल्या पश्चिम भागात, महाराष्ट्र-गोव्याकडं, एचआयव्ही-२ चेही थोडे रुग्ण सापडतात. तेव्हाच्या पहिल्या फळीत, म्हणजे नव्या रुग्णाला आधी देतात त्या औषधांत, जी दोन औषधं तिसऱ्या जागेवर होती, नेव्हिरापिन आणि इफाव्हिरेन्झ, ती त्या दुसऱ्या प्रकारावर चालतच नाहीत.

मग एआरटी केंद्रात नोंदणी, पांढरं कार्ड त्यांच्याकडं, हिरवं पुस्तक आपल्याकडं. वजन ३८ किलो. सीडी४ मोजायला, म्हणजे अंगातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी मोजायला, रक्त दिलं, त्याचा आकडा नंतर आला, १३१. त्या काळात दोनशेच्या खाली गेल्यावरच औषध सुरू करायचे, त्यामुळं सुरू करायचं की नाही हा वाद माझ्याबाबत उरलाच नाही. पुढं ती रेषा साडेतीनशेवर आली, मग पाचशेवर, आणि एप्रिल २०१७ मध्ये तर आकडा न बघता पॉझिटिव्ह सगळ्यांनाच औषध द्यायचं ठरलं. माझ्या वेळी मात्र दोनशे ऐंशीवाले लोक ‘अजून वेळ आहे’ हे ऐकून परत जायचे. त्यातले काही टीबी घेऊनच परत आले.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी एक छापील कागद पुढं घेतला आणि विचारायला सुरुवात केली. खोकला आहे का, ताप येतो का, रात्री घाम येतो का, वजन किती उतरलं. घरात कुणाला टीबी होता का. कावीळ होऊन गेली का. दारू पिता का, हे माझ्यासारख्या बाईलाही विचारलं तेव्हा मला राग आला. पाळी कधी आली होती. झाडपाल्याचं काही चालू आहे का. मिस्टरांच्या गोळ्यांपैकी कधी एखादी स्वतः घेतली होती का. हा प्रश्न ऐकून मी दचकले, कारण आमच्या ओळखीतल्या एका घरात नवरा-बायको एकाच डबीतून घ्यायचे. मी घेतली नव्हती, तसं सांगितलं. शेवटी म्हणाले, ‘बाळंतपणाच्या वेळी, कळा सुरू झाल्यावर, कुणी एक गोळी दिली होती का? बाळाच्या तोंडात काही थेंब?’

हे त्यांना कशाला हवं, ते मला कळेना. माझं बाळंतपण माहेरी, तालुक्याच्या गावी झालं होतं आणि तेव्हा कुणी तपासलंच नव्हतं. पुढं समजलं की आईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून त्या काळात बाळंतिणीला नेव्हिरापिनची एकच गोळी द्यायचे. बाळाचा धोका त्यानं कमी व्हायचा. पण ते औषध रक्तात बरेच दिवस रेंगाळतं, एकटंच रेंगाळतं, आणि तेवढ्यात आईच्या अंगातला विषाणू त्याला सरावू शकतो. अशा बाईला थोड्याच दिवसांत नेव्हिरापिनवर बसवलं तर तिची पहिली फळी पहिल्या दिवसापासून लंगडी. आणि नेव्हिरापिन गेलं की इफाव्हिरेन्झही जातं. दोघं एकाच घराण्यातली, विषाणूच्या एका बदलानं दोन्ही निकामी होतात. बाळंतपणातली ती गोळी बायका ‘ताकदीची असेल’ म्हणून विसरून जायच्या. म्हणूनच डॉक्टर थेंबांचं विचारायचे. बाळाला पाजलेलं आई विसरत नाही.

नंतर त्यांनी रक्ताचा कागद पाहिला. हिमोग्लोबिन ७.१. त्या एका आकड्यानं माझी गोळी ठरवली.

त्या वेळी माझ्यासाठी दोन पर्याय होते. लॅमिव्हुडिन दोन्हीत, नेव्हिरापिन दोन्हीत, फरक फक्त पहिल्या औषधाचा. झिडोव्हुडिन किंवा स्टॅव्हुडिन. झिडोव्हुडिन हाडांच्या मगजावर परिणाम करून रक्त कमी करू शकतं, म्हणून हिमोग्लोबिन आठच्या वर असेल त्यालाच ते द्यायचे. माझं साताला टेकलेलं. म्हणजे स्टॅव्हुडिन. केंद्रावर कुणी ही लांबलचक नावं घेत नाही. एसएलएन आणि झेडएलएन. मी एसएलएनवाली झाले. बाकड्यावरच्या शहरातल्या शेजारणीचं हिमोग्लोबिन दहाच्या पुढं होतं, एवढाच तिचा वशिला.

स्वस्त औषध म्हणून तेव्हा पुष्कळांनी स्टॅव्हुडिनला नावं ठेवली आणि पुढं ती खरीही ठरली. पण एसएलएनमधली ही तीन औषधं एका गोळीत घालून सिप्लानं २००१ मध्ये ‘मेडिसां सां फ्रॉन्तिएर’ या डॉक्टरांच्या संघटनेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, आणि गरीब देशांतही हे उपचार होऊ शकतात हे तिथं दिसलं. त्याआधी माणशी वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. माझ्या हातात ती डबी पडली त्यामागं हे सगळं होतं, आणि मी मात्र शेजारणीच्या डबीकडं बघत बसले होते.

पहिले चौदा दिवस सकाळची गोळी वेगळी, संध्याकाळची वेगळी. एकीत तीन औषधं, दुसरीत दोनच. नेव्हिरापिन एकदम पूर्ण दिलं तर अंगावर पुरळ उठण्याचा आणि लिव्हर बिघडण्याचा धोका जास्त, म्हणून ते आधी अर्ध्यावर. गंमत अशी की सीडी४ चांगले असलेल्या बायकांना, अडीचशेच्या वर असलेल्यांना, हा लिव्हरचा धोका जास्त असतो. म्हणजे माझे १३१ इथं माझ्या बाजूचे. समुपदेशक ताईंनी विचारलं, ‘गोळीची वेळ कुठली धरणार?’ मी म्हटलं, डेअरी. सकाळी दूध घालून आले की एक, संध्याकाळी घालून आले की एक. बारा तासांचं अंतर आपोआप पडायचं. गावात संकलनाची वेळ चुकत नाही आणि दारात म्हैस असली की माणूसही चुकत नाही.

चौदा दिवस पुरे व्हायच्या आत पोटावर आणि दंडांवर पुरळ आलंच. सासूबाई म्हणाल्या, उष्णता. मी केंद्रात गेले. डॉक्टरांनी डोळे बघितले, तोंड उघडायला लावलं, ओठांच्या आतून बघितलं. फोड नाहीत, ताप नाही, डोळे लाल नाहीत. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरची तपासणी, करून घेतली, ती ठीक होती. म्हणाले, बंद करायचं नाही, वाढवायचंही नाही. पुरळ मावळेपर्यंत अर्ध्याच डोसवर राहायचं. तोंडात फोड आले किंवा कातडी सुटायला लागली, तर मात्र रात्र असली तरी निघून यायचं. तसं झालं नाही. ते मावळलं आणि मग दोन्ही वेळा तीनची गोळी सुरू झाली.

माझ्याबरोबर नोंद झालेली एक मैत्रीण होती. नाव लिहीत नाही. तिला टीबी निघाला. तिला आधी टीबीचीच औषधं दिली, ती अंगी लागू दिली आणि मगच एआरटी. तिच्यासाठी नेव्हिरापिन बाद. टीबीच्या रिफाम्पिसिनमुळं लिव्हर बाकीच्या औषधांचा भराभर फडशा पाडतं, नेव्हिरापिन रक्तात पुरेसं उरतच नाही. म्हणून तिला इफाव्हिरेन्झ, रात्री झोपताना. त्याआधी लघवी तपासून गरोदर नाही याची खात्री, कारण त्या वेळी पहिल्या तीन महिन्यांत ते देत नसत. तिला जी स्वप्नं पडायची ती ऐकून आम्ही हसायचो आणि घाबरायचोही. विहिरीत हत्ती, मेलेली आजी पंगत वाढतेय, असलं काहीबाही. उठली की भोवंडायची, भिंत धरून चालायची. एकदा मटणाचं जेवण झाल्याझाल्या गोळी घेतली आणि रात्रभर तिला घर फिरताना दिसलं. तेलकट जेवणानंतर ते औषध रक्तात जास्त चढतं, हे तिला डॉक्टरांनी दुसऱ्या खेपेला समजावलं. महिनाभरात स्वप्नं कमी झाली. पण तिचे पाय मुंग्यांनी भरायचे ते काही थांबलं नाही. स्टॅव्हुडिननं नसा दुखावतात आणि टीबीतल्या आयसोनियाझिडनंही. तिच्या अंगात दोन्ही एकदम.

माझ्या पायांत मुंग्या यायला वेळ लागला. त्याआधी गाल गेले. आकडे सगळे छान होते, सीडी४ चढत होते, वजन भरलं होतं, द्राक्षबागेत विरळणीला पुन्हा जायला लागले होते. पण चेहरा आत ओढला जात होता आणि दंडावरच्या शिरा दोरीसारख्या दिसायला लागल्या. पोट तेवढं सुटलेलं. रोग झाकायला औषध घ्यायचं आणि औषधानंच तोंडावर लिहून ठेवायचं, याचा जो संताप आला तो रोगाचाही आला नव्हता. जाऊबाई म्हणायच्या, ‘खात जा गं जरा.’ जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ च्या अखेरीस स्टॅव्हुडिन हळूहळू बंद करा असं सांगितलं. माझं हिमोग्लोबिन तोवर अकराच्या पुढं गेलं होतं, म्हणून मला झेडएलएनवर नेलं. सुरुवातीला पुन्हा पुन्हा हिमोग्लोबिन बघायचे. रक्त टिकलं. गाल मात्र पूर्ण भरून आले नाहीत. शिवाय नखं काळपट निळी पडली, झिडोव्हुडिननं पडतात. लग्नसराईत मेंदी काढून घेतली की निदान तेवढे दिवस कुणी विचारायचं नाही.

त्यानंतर बरीच वर्षं मी झेडएलएनवरच होते आणि ठीक होते. केंद्रावर कामाला लागले ते याच काळात. नव्या लोकांना तेव्हा टीएलई मिळू लागली होती, टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, इफाव्हिरेन्झ, दिवसाला एकच गोळी. बाकड्यावर पुन्हा तेच: नव्यांना एक आणि आम्हा जुन्यांना दोन का? पण चालू औषध लागू पडत असेल, त्रास नसेल, तर नुसत्या नवेपणासाठी ते हलवत नसत. मला ते पटायचं. लोकांना पटवणं अवघड जायचं.

टीएलडी आली आणि हे भांडण बरंचसं मिटलं. टीएलईतलं इफाव्हिरेन्झ काढून त्या जागी डोल्युटेग्राव्हिर, ५० मिलिग्रॅम. बाकीची दोन औषधं विषाणूला नक्कल काढू देत नाहीत. डोल्युटेग्राव्हिर त्याला आपल्या पेशीच्या मूळ धाग्यात शिरू देत नाही. त्याला चुकवायला विषाणूला फार खटपट करावी लागते, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. ते लगेच सगळ्यांना मिळालं नाही त्याचं एक कारण बोट्सवानात होतं. २०१८ मध्ये तिथल्या नोंदींत दिसलं की हे औषध चालू असताना गर्भ राहिलेल्या ४२६ बायकांपैकी चौघींच्या बाळांना मेंदू किंवा मणक्याचं व्यंग होतं. जगभर बायकांच्या बाबतीत हात आखडला गेला. पुढच्या नोंदी वाढत गेल्या तसा तो धोका फारच कमी निघाला आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बायकांसह सगळ्यांसाठी हेच पहिल्या फळीचं औषध म्हणून सांगितलं. आपल्याकडं ते पुढच्या दोनेक वर्षांत पोचलं. मला बदलून देण्याआधी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, बघितला. २०१८ पासून ती तपासणी सगळ्यांची नियमानं होऊ लागली होती. माझा टीएनडी आला, म्हणजे मशीनला विषाणू सापडलाच नाही. मग टीएलडी. सुरुवातीला झोप उडाली म्हणून रात्रीची गोळी सकाळी घ्यायला लागले. नखं हळूहळू स्वच्छ वाढून आली. वजन वाढलं, तेही याच गोळीचं देणं.

आता सगळ्यांची गोळी जवळजवळ सारखीच, त्यामुळं लोकांना वाटतं की सांगण्यासारखं काही उरलं नाही. माझं निम्मं काम आता हेच आहे. परवा एक मास्तर आले, साखरेचं सांगितलंच नाही. पिशवीतून चष्म्याची डबी काढताना मेटफॉर्मिनची पट्टी पडली म्हणून मला दिसली. डोल्युटेग्राव्हिरमुळं मेटफॉर्मिन रक्तात वाढतं, दिवसाला हजार मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नसतं. मास्तर दोन हजार घेत होते. त्यांना वाटलं होतं, एड्सच्या डॉक्टरला साखरेशी काय करायचंय! गरोदर पोरींना आशाताई लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात. त्या रिकाम्या पोटी टीएलडीबरोबर घेतल्या तर पोटातच ते औषध धरून ठेवतात. मग टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर, नाहीतर सगळं जेवणाबरोबर. अॅसिडिटीच्या पातळ औषधांनाही तेच अंतर, फक्त जेवणाबरोबरची सवलत त्यांना नाही. कावीळवाल्यांचं वेगळं. हिपॅटायटिस बी असेल तर टीएलडीतली दोन औषधं त्याच्यावरही काम करतात, म्हणून असा माणूस मनानं गोळी सोडून बसला तर लिव्हरचा आजार उसळून येतो.

टीबीवाल्यांना आता औषध बदलावं लागत नाही, पण रिफाम्पिसिनचा स्वभाव तोच आहे. म्हणून सकाळी टीएलडी आणि बारा तासांनी डोल्युटेग्राव्हिरची एक सुटी गोळी. टीबीचा कोर्स संपला तरी ही सुटी गोळी आणखी दोन आठवडे. एका पोरानं टीबी संपला त्याच दिवशी ती बंद केली, म्हणाला, ‘ताई, टीबीची होती ना ती?’ बसवून समजावलं. लिव्हरला रिफाम्पिसिनची लागलेली सवय मोडायला तेवढे दिवस लागतात. त्याच्या डबीत बरोबर तेवढ्याच गोळ्या उरल्या होत्या, त्या त्यानं पुन्हा सुरू केल्या.

माझं स्वतःचं म्हणाल तर सध्या क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा, थोडं वर आलंय. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका, डोल्युटेग्राव्हिर किडनीला धक्का न लावताही तो आकडा जरा वर नेतं. पण गोळीत टेनोफोव्हिरही आहे आणि ते किडनीला खरंच त्रास देऊ शकतं, शिवाय माझं वय झालंय, बीपी आहे. त्यांनी विचारलं, आणखी काय घेता? गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांची पट्टी मी पुढं ठेवली. ती त्यांनी बाजूला काढली. वय-वजन घालून किडनीच्या कामाचा हिशेब केला, तो आकडा अजून पन्नासच्या वर आहे. त्याच्या खाली गेलं तर टेनोफोव्हिरच्या जागी अबॅकाव्हिर, आणि मग पहिले दीड महिने ताप, पुरळ, उलटी यांवर लक्ष ठेवायचं, कारण त्याची अॅलर्जी आलेल्या माणसाला ते जन्मात पुन्हा द्यायचं नसतं. तोवर टीएलडी चालू, गुडघ्याच्या गोळ्या बंद, पुढच्या महिन्यात क्रिएटिनिन परत, असं कार्डावर लिहिलंय.